आजीच्या ओव्या, हरवलेलं लीळाचरित्र आणि टर्मिनलची काळी खिडकी

आजचा एपिसोड इतिहासाचाच आहे, पण त्यात मोबाइलवरचं टर्मिनल आहे, तेराव्या शतकातलं एक हरवलेलं पुस्तक आहे आणि जात्यावरच्या ओव्या आहेत. कमांड मी तोंडी सांगितल्यात, म्हणून या शब्दांकनातही त्या देवनागरीत आहेत. टाइप करताना सगळं इंग्रजी छोट्या अक्षरांत करायचं, आणि जिथे मी "डॅश डॅश" म्हणतो तिथे दोन आडव्या रेघा, मध्ये जागा न सोडता.

सुरुवात आपल्या भागातून करू. पूर्णा जंक्शन आणि नांदेड यांच्या मधलं आपलं चुडावा स्टेशन. याच पूर्णा तालुक्यात ताडकळस आहे. ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांनी गायलेल्या ओव्या आज तुम्ही फोनवर ऐकू शकता. रेकॉर्डिंग १९९० च्या दशकातलं आहे. तेव्हाची किती कॅसेट आज तुमच्या घरात वाजते? लग्नाची व्हीसीआर कॅसेट असेल कपाटात, पण ती लावायला मशीन नाही, आणि लावली तरी पट्टी गुंतणार. मग गंगूबाईंचा आवाज कसा काय टिकला?

गोष्ट अशी आहे. पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ हे दोघं सामाजिक शास्त्रांत संशोधन करणारी एक संस्था चालवत होते. १९८० च्या दशकापासून त्यांनी आणि त्यांच्याबरोबरच्या गावोगावच्या कार्यकर्त्यांनी बायकांच्या जात्यावरच्या ओव्या हाताने लिहून घ्यायला सुरुवात केली. घरोघरी जातं थांबत होतं, पिठाची गिरणी येत होती, आणि जातं थांबलं की ओवी म्हणायचं निमित्तच जातं. वह्या भरत गेल्या. नंतर बर्नार बेल नावाचे फ्रेंच इंजिनियर आणि संगीत-अभ्यासक या कामात आले. त्यांनी या ओव्यांचा डेटाबेस बांधला आणि १२० तासांच्या वर ध्वनिमुद्रण केलं. आज मोजदाद करायची तर १ लाखाहून जास्त ओव्या, १ हजाराहून जास्त गावं, ३ हजारांहून जास्त गाणाऱ्या बाया.

आता मुद्द्याची गोष्ट. हे सगळं पुण्यातल्या एकाच कपाटात राहिलं नाही. एक प्रत हरियाणातल्या गुडगावला संगीताच्या अभिलेखागारात गेली. मग बेल यांनी ती फ्रान्समध्ये एक्स-अँ-प्रोव्हान्सच्या भाषा-संग्रहात नेली. पॉइतवँ २००४ साली वारले. संस्थेचा कणा गेला की संग्रह विस्कटतो, हे आपण कितीतरी वाचनालयांत बघतो. इथे तसं झालं नाही. पी. साईनाथ यांनी सुरू केलेल्या पारी या संकेतस्थळावर २०१७ पासून या ओव्या परत लोकांसमोर यायला लागल्या. म्हणजे पूर्णा तालुक्यातला आवाज पुणे, गुडगाव, फ्रान्स असा फिरून पुन्हा पूर्णा तालुक्यातल्याच पोराच्या हेडफोनमध्ये आला. मी बॅकअप म्हणतो तो याला. प्रत काढण्यापेक्षा प्रत परत येण्याला.

तुमच्या फोनचं काय

तुमच्यापैकी अनेकांनी आजीचं काहीतरी रेकॉर्ड केलेलं असतं. ओवी असेल, भूपाळी असेल, नाहीतर नुसतं "जेवलास का रे" असेल. ते कुठंय? बहुतेकांना वाटतं, गूगल फोटोजमध्ये असेल. नसतं! गूगल फोटोज फोटो आणि व्हिडिओ घेतं; व्हॉइस रेकॉर्डरची ऑडिओ फाइल घेतच नाही. व्हॉट्सॲपची व्हॉइस नोट व्हॉट्सॲपच्या बॅकअपमध्ये जाऊ शकते, पण त्यातून तीन वर्षांपूर्वीची एकच नोट बाहेर काढा बरं. जमत नाही. सगळा गठ्ठा व्हॉट्सॲपमध्येच उतरवावा लागतो. आणि १ जून २०२१ पासून गूगलने फोटोंची अमर्याद फुकट जागाही बंद केली. १५ जीबीत मेल, फोटो, ड्राइव्ह सगळं.

दुसरी गल्लत जास्त महाग पडते. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. सिंक केलेल्या फोल्डरमधून तुम्ही फाइल उडवली की दुसरीकडूनही ती उडते. काही ठिकाणी कचराकुंडीत थोडे दिवस राहते, मग तिथूनही जाते. सिंकला फक्त आजचा दिवस माहीत असतो. काल काय होतं, हे लक्षात ठेवणारं काहीतरी वेगळं लागतं, आणि ते बनायला संगणकवाल्यांना बरीच वर्षं लागली.

तो इतिहास टेपपासून सुरू होतो. १९७९ च्या युनिक्समध्ये टार नावाची कमांड आली. टार म्हणजे टेप आर्काइव्हचं लघुरूप. टेप गेली, नाव राहिलं. त्याच काळातल्या डंप या कमांडला पातळ्या होत्या. शून्य पातळी म्हणजे सगळं घ्या, पुढच्या पातळ्या म्हणजे मागच्यापासून बदललेलं तेवढंच घ्या. जागा वाचायची, पण परत उभं करताना पहिली टेप आणि त्यावरच्या टेपा क्रमाने लावाव्या लागायच्या. मधली एक खराब निघाली की झालं.

मग १९९६ च्या जूनमध्ये ऑस्ट्रेलियात अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी आरसिंक जाहीर केलं. त्यांचा प्रश्न आपल्याला लगेच कळेल: नेट संथ आहे, मोठी फाइल थोडीशीच बदललीय, सगळी कशाला पाठवायची? पण काय बदललंय हे कळायला दोन्ही फाइली एका जागी लागतात, आणि त्या तर दोन गावांत आहेत. यावरची युक्ती फार सुंदर आहे. समोरचा संगणक त्याच्याकडच्या जुन्या फाइलचे ठरावीक मापाचे तुकडे करतो आणि प्रत्येक तुकड्याचा छोटा हिशेब, म्हणजे चेकसम, पाठवतो. आपला संगणक नवीन फाइलवरून एक खिडकी एकेक बाइट सरकवत नेतो आणि बघतो, ह्या खिडकीचा हिशेब त्या यादीत आहे का? असेल तर तो तुकडा पाठवायचा नाही. आजही लाखो सर्व्हरवर हे चालतं.

पण आरसिंकला "डॅश डॅश डिलीट" जोडलं की ते आरसा होतं. इकडे पुसलं, तिकडेही पुसलं. आरशाला आठवण नसते. त्यावर लोकांनी जोडण्या केल्या, रोजचा वेगळा फोल्डर ठेवला, न बदललेल्या फाइली कालच्याच फोल्डरशी जोडल्या. चाललं ते. पण एका मोठ्या फाइलमध्ये एक ओळ बदलली तरी आख्खी फाइल पुन्हा साठायची.

डबे मोजायचे की डबे ओळखायचे

इथून खरी गंमत आहे, जरा सावकाश ऐका.

समजा चुडावा स्टेशनात उभं राहून तुम्ही एका पॅसेंजरचे डबे रोज वहीत लिहिता. पहिला डबा, दुसरा डबा, तिसरा. एक दिवस इंजिनच्या मागे एक नवीन डबा जोडला. आता तुमच्या वहीप्रमाणे पहिला डबा वेगळा, दुसरा वेगळा, तिसरा वेगळा, सगळी गाडीच नवीन! खरं तर एकच डबा नवीन आहे. क्रमांकावरून बघितलं म्हणून फसलात. डब्यावरची खूण बघितली असती तर बाकीचे कालचेच आहेत हे लगेच कळलं असतं.

फाइलचे ठरावीक मापाचे तुकडे करून साठवताना हीच अडचण होती. सुरुवातीला चार अक्षरं घुसली की पुढचे सगळे तुकडे सरकतात. उपाय असा निघाला की कुठे कापायचं हे मापाने ठरवायचं नाही, मजकुराने ठरवायचं. सरकत्या खिडकीचा हिशेब एका विशिष्ट संख्येशी जुळला की तिथे काप. म्हणजे मजकूर पुढेमागे सरकला तरी कापण्याच्या जागा त्याच्याबरोबर सरकतात. यामागचं गणित मायकल राबिन यांचं, १९८१ चं. २००१ मध्ये संथ नेटवर्कसाठी केलेल्या एका फाइल सिस्टिममध्ये ते वापरलं गेलं. २००२ मध्ये बेल लॅब्जच्या शॉन क्विन्लन आणि शॉन डॉरवर्ड यांनी व्हेंटी मांडलं. त्यात तुकड्याचं नाव म्हणजे त्या तुकड्याच्या मजकुराचाच ठसा, आणि एकदा लिहिलेलं पुसायचं नाही. दोन तुकडे अगदी सारखे असतील तर त्यांचं नाव आपोआप सारखं, म्हणून ते एकदाच साठतात. यालाच डीडुप्लिकेशन म्हणतात.

या दोन कल्पना एकत्र येऊन आजची साधनं झाली. योनास बोर्गस्ट्रोम यांचं ॲटिक, त्यातून २०१५ मध्ये फुटून निघालेलं बोर्ग, आणि साधारण त्याच सुमारास जर्मनीच्या अलेक्झांडर नॉयमान यांनी गो भाषेत लिहिलेलं रेस्टिक. आज मी रेस्टिक सांगणार आहे. कारण साधं आहे: ते एकच प्रोग्राम आहे, फुकट आहे आणि टर्मक्समध्ये, म्हणजे तुमच्या अँड्रॉइड फोनवर, चालतं.

टर्मक्स एफ-ड्रॉइडवरून घ्या. त्यात "पीकेजी इन्स्टॉल रेस्टिक". मग "टर्मक्स-सेटअप-स्टोरेज" दिलं की फोनच्या फोल्डरमध्ये शिरायची परवानगी मिळते. "रेस्टिक इनिट" ही कमांड बॅकअपचं कोठार उभं करते आणि पासवर्ड मागते. मग "रेस्टिक बॅकअप" आणि पुढे फोल्डरचं नाव. आज केलंत, एक स्नॅपशॉट झाला. उद्या परत करा, दुसरा स्नॅपशॉट. "रेस्टिक स्नॅपशॉट्स" म्हटलं की तारखेसह यादी येते. प्रत्येक स्नॅपशॉट बघायला पूर्ण असतो, टेपांसारखी साखळी लावावी लागत नाही, आणि तरी नवीन तुकडे तेवढेच साठतात. तीच ऑडिओ फाइल डाउनलोडमध्येही आहे आणि दुसऱ्या फोल्डरमध्येही आहे? एकदाच जागा खाईल.

मागे एकाने विचारलं होतं, दोन बायांनी तीच ओवी म्हटली तर हे एक काढून टाकेल का? नाही हो. त्याला ओवी कळत नाही, बाइट कळतात. एक शब्द वेगळा, एक श्वास वेगळा, की फाइल वेगळी. आणि ते बरंच आहे. ओवी शेकडो गावांतून फिरताना गावाचं नाव बदलते, भावाचं नाव बदलते, आणि अभ्यासकाला तर तो बदलच हवा असतो.

छोटी पण कामाची सूचना: टर्मक्समध्ये फोनचं नाव बहुधा "लोकलहोस्ट" असंच दिसतं. घरातल्या दोन फोनचा बॅकअप एकाच कोठारात टाकणार असाल तर "डॅश डॅश होस्ट" देऊन प्रत्येकाला वेगळं नाव द्या, नाहीतर आईचा फोन कोणता आणि तुमचा कोणता, यादीत कळणार नाही.

किल्ली

रेस्टिकमध्ये कुलूप नसलेलं कोठार असा नेहमीचा पर्याय नाहीच. सगळं एन्क्रिप्ट होऊनच बाहेर जातं. म्हणजे ज्या क्लाउडवर ठेवाल त्याला आत काय आहे हे दिसत नाही. छान. पण पासवर्ड हरवला तर तुम्हालाही दिसत नाही. "फरगॉट पासवर्ड" नावाचं बटण नाही, कुणाला फोन करून उपयोग नाही.

आपल्याकडे याचं जुनं उदाहरण आहे. महानुभाव पंथाने आपले ग्रंथ चौदाव्या शतकापासून सांकेतिक लिप्यांत लिहायला सुरुवात केली. सकळ लिपी त्यातली सगळ्यात प्रसिद्ध, सुंदरी वगैरे आणखी होत्या. एका अक्षराच्या जागी दुसरं अक्षर किंवा खूण, असा प्रकार. परिणाम दोन झाले. ग्रंथ पंथात सुरक्षित राहिले, त्यांत बाहेरच्यांची भेसळ झाली नाही. आणि पंथाबाहेरच्या मराठी वाचकाला हे एवढं मोठं जुनं मराठी गद्य आहे याचाच कित्येक शतकं पत्ता नव्हता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वि. का. राजवाडे, वि. ल. भावे अशा संशोधकांच्या हाती ती किल्ली लागली, आणि मराठी साहित्याच्या इतिहासाची सुरुवातीची प्रकरणं नव्याने लिहावी लागली. किल्ली मठांमध्ये गुरूकडून शिष्याकडे जात राहिली म्हणून हे शक्य झालं. ती एकाच माणसाकडे असती तर आज त्या पोथ्या म्हणजे नुसती नक्षी.

रेस्टिकमध्ये याची सोय आहे. "रेस्टिक की ॲड" म्हणा, त्याच कोठाराला दुसरा पासवर्ड लागतो. तो बहिणीला द्या, किंवा कागदावर लिहून घरातल्या जमिनीच्या कागदांच्या पिशवीत ठेवा. त्या पिशवीइतकी जपलेली वस्तू आपल्या घरांत दुसरी नसते.

विसरायचं काय

रोज स्नॅपशॉट घेतला तर वर्षात ३६५ होतात. म्हणून "रेस्टिक फर्गेट" आहे. त्याला नियम सांगायचे: "डॅश डॅश कीप-डेली ७, डॅश डॅश कीप-मंथली १२, डॅश डॅश कीप-इयरली १०". म्हणजे सात दिवसांचे रोजचे, बारा महिन्यांचा महिन्याला एक, दहा वर्षांचा वर्षाला एक. बाकीचे यादीतून जातात. पण फर्गेटने फक्त यादीतलं नाव जातं, तुकडे तिथेच असतात. जागा मोकळी होते ती "प्रून"ने. आधी "डॅश डॅश ड्राय-रन" लावून बघा, काय जाणार ते नुसतं सांगतं, करत काही नाही. ही सवय लावून घ्याच.

वर्षाला एक ठेवायचा आग्रह का, ते सांगतो. ज्ञानेश्वरी १२९० ची. पुढच्या तीनशे वर्षांत नकला करताना त्यात चुका आल्या, ओव्या घुसल्या. एकनाथांनी पैठणला प्रती जमवून शुद्ध प्रत सिद्ध केली आणि शेवटी काळही लिहून ठेवला: शके १५०६, म्हणजे १५८४. यापुढे यात कुणी आपली ओवी घालू नये, असंही बजावलं. थोर काम, वाद नाही. पण एकनाथांची प्रत प्रमाण झाली की तिच्या आधीच्या प्रती कोण जपणार? राजवाड्यांनी १९०९ मध्ये एक पोथी एकनाथांच्या आधीची म्हणून छापली, तेव्हापासून जुना पाठ कोणता यावर अभ्यासकांची भांडणं चालूच आहेत. दुरुस्त केलेली प्रत चांगली आहे म्हणून दुरुस्तीच्या आधीची प्रत निरुपयोगी होत नाही. तुम्ही आजीच्या रेकॉर्डिंगमधला पंख्याचा आवाज काढून फाइल त्याच नावाने सेव्ह कराल, आणि चार वर्षांनी कळेल की पंख्याबरोबर तिचा खालचा सूरही गेला. तेव्हा जुना स्नॅपशॉट लागेल.

यासाठी आणखी एक पर्याय आहे. बॅकअप घेताना "डॅश डॅश टॅग" आणि पुढे काहीही नाव, समजा "आजी". आणि फर्गेटच्या वेळी "डॅश डॅश कीप-टॅग आजी". मग बाकी नियम काहीही असोत, त्या नावाचे स्नॅपशॉट हलत नाहीत.

परत आणून बघितलंय का?

३१ जानेवारी २०१७. गिटलॅब नावाची मोठी कंपनी, जगभरचे प्रोग्रामर आपला कोड तिथे ठेवतात. रात्रीच्या कामात एका इंजिनियरने चुकीच्या सर्व्हरवर फोल्डर पुसायची कमांड दिली. सुमारे ३०० जीबी डेटाबेस उडाला. त्यांच्याकडे बॅकअपचे बरेच मार्ग होते. मग एकेक उघडून बघायला लागले. रोजचा बॅकअप घेणारा प्रोग्राम डेटाबेसच्या जुन्या आवृत्तीचा होता, त्यामुळे तो बॅकअप बरेच दिवस होतच नव्हता. तो होत नाहीये असं सांगणारे मेल जात होते, पण समोरचा मेल-सर्व्हर ते नाकारत होता! शेवटी कुणीतरी योगायोगाने सहा तास आधी दुसऱ्या कामासाठी काढलेली प्रत हाती लागली, त्यावरून गाडी उभी केली. मधल्या तासांतले सुमारे ५ हजार प्रकल्प आणि ५ हजार टिपण्या गेल्या. कंपनीने हे सगळं स्वतःहून जाहीर लिहिलं, दुरुस्तीचं काम लोकांना लाइव्ह दाखवलं. त्याबद्दल मला त्यांचं कौतुक वाटतं. आपल्याकडे फाइल सापडत नाही एवढंच सांगतात.

रेस्टिकमध्ये "रेस्टिक चेक" आहे. पण नुसतं चेक म्हटलं तर ते कोठाराची मांडणी तपासतं, प्रत्येक तुकडा उघडून वाचत नाही. त्यासाठी "डॅश डॅश रीड-डेटा" लागतं. क्लाउडवरून सगळं वाचायला नेटपॅक संपेल, म्हणून "डॅश डॅश रीड-डेटा-सबसेट" देऊन पुढे १० टक्के म्हणा. दरवेळी काही भाग तपासला जातो. तुकड्याचं नाव म्हणजे त्याचाच ठसा असल्यामुळे आत एक अक्षर जरी बदललं असेल तरी पकडलं जातं.

आणि तरी हे परत आणून बघणं नव्हे. ते म्हणजे "रेस्टिक रिस्टोर लेटेस्ट", मग "डॅश डॅश टार्गेट" आणि नवीन रिकामा फोल्डर, "डॅश डॅश इन्क्लूड" आणि तेवढी एकच फाइल. आली? वाजवा. पूर्ण ऐका. लॅपटॉपवर असाल तर "रेस्टिक माउंट"ने सगळे स्नॅपशॉट फोल्डरसारखे उघडून बघता येतात, पण रूट न केलेल्या फोनवर ते चालत नाही. तिथे "रेस्टिक फाइंड" वापरा, फाइल कोणकोणत्या तारखेच्या स्नॅपशॉटमध्ये आहे ते सांगतं.

परत आणण्याची आपल्याकडची सगळ्यात मोठी गोष्ट लीळाचरित्राची. इंद्रायणीची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, म्हणून ती सांगत नाही. ही कमी जणांना ठाऊक असते. चक्रधरस्वामींनी स्वतः काही लिहिलं नाही. त्यांच्यानंतर तेराव्या शतकाच्या अखेरीला म्हाइंभटांनी ठिकठिकाणी जाऊन, ज्यांनी स्वामींना बघितलं-ऐकलं त्यांना विचारून, एकेक प्रसंग लिहून काढला आणि नागदेवाचार्यांकडून तपासून घेतला. मराठीतला हा पहिला मोठा गद्य चरित्रग्रंथ. पुढे यादवांचं राज्य बुडालं त्या धामधुमीत मूळ पोथी नष्ट झाली. दुसरी प्रत हाताशी नव्हती.

पण ग्रंथ लोकांच्या तोंडी होता. ज्यांनी तो पाठ केला होता त्यांनी आठवून आठवून पुन्हा लिहिला. हिराइसा या शिष्येची स्मरणशक्ती परंपरेत नावाजलेली आहे. आता, वेगवेगळ्या माणसांनी आठवलेलं शब्दन् शब्द सारखं कसं असेल? नव्हतंच. म्हणून आज लीळाचरित्राचा एक पाठ नाही. पिढीपाठ आहे, हिराइसापाठ आहे, परशरामबासांचा आहे, रामेश्वरबासांचा आहे. मला यातली मोठी गोष्ट ही वाटते की त्यांनी ते सगळं घोटून एक केलं नाही. कुणाची आठवण कोणती, हे नावानिशी राहू दिलं. म्हाइंभटांच्या हातची पोथी परत आली नाही, येणारही नाही. जे आलं ते कुठून आलं हे मात्र आपल्याला कळतं.

राहता राहिलं कोठार कुठे ठेवायचं. फोनचा बॅकअप फोनमध्येच ठेवला तर फोन चोरीला गेल्यावर दोन्ही गेलं. ओटीजी पेनड्राइव्हवर टर्मक्समधून थेट लिहायला अँड्रॉइड आढेवेढे घेतं, त्यामुळे मी दोन वाटा सांगतो. घरात किंवा मित्राकडे जुना लॅपटॉप असेल तर एकाच वायफायवर येऊन एसएफटीपीने त्यात कोठार करा. आणि दुसरं, आरक्लोन नावाचं साधन टर्मक्समध्ये टाकून तुमच्या क्लाउड खात्याशी जोडा. रेस्टिक त्याच्यामार्फत तिथे लिहितं. "रेस्टिक कॉपी" ही कमांड एका कोठारातले स्नॅपशॉट दुसऱ्यात नेते. म्हणजे एक चुडाव्यात, एक बाहेर. बहीण पुण्याला शिकत असेल तर तिच्या लॅपटॉपवर तिसरं. खोलीत पाणी शिरलं, वीज पडून चार्जरसकट सगळं जळलं, खातं बंद झालं, यातलं एका वेळी एकच होतं सहसा.

आणि फाइलचं नाव. "रेकॉर्डिंग ००३७" असलेली फाइल रेस्टिक शंभर वर्षं जपेल, पण कुणाची ते सांगणार नाही. ओव्यांच्या त्या डेटाबेसमध्ये प्रत्येक ओवीबरोबर गाणारीचं नाव आणि गाव आहे, म्हणून मी आज ताडकळसच्या गंगूबाई असं म्हणू शकलो. बॅकअपच्या आधी फाइलला नाव द्या: आजीचं नाव, माहेरचं गाव, तारीख, ओवी कशावर आहे ते. माहेरचं गाव विसरू नका, ओव्या बहुतेक तिथूनच आलेल्या असतात. ते आजीलाच विचारावं लागेल, आणि विचारलं की ती आणखी दोन म्हणून दाखवेल, तेव्हा रेकॉर्डर चालू ठेवा.

पुढच्या वेळी पूर्णा जंक्शनच्या मीटरगेजच्या दिवसांवर बोलू. येतो.